घड्याळ मागे-पुढे आणि हिवाळ्यातली अंधारी संध्याकाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी जास्त उजेड मिळावा म्हणून ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे नेतात आणि हिवाळ्यात परत मागे आणतात. त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबर संपत आला की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींकडून तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. काही नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांचे असतात, काही वीस वर्षं इथे काढलेल्यांचे, तर काही पुण्या-नागपुरात फोनची वाट बघणाऱ्या आईवडिलांचे. उत्तरं ब्रिटनला धरून दिली आहेत. इतर देशांत वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. घड्याळ नक्की कधी आणि कुठल्या बाजूला फिरवायचं?

मार्चच्या शेवटच्या रविवारी मध्यरात्रीनंतर १ वाजता घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे १ चे थेट २ होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मध्यरात्रीनंतर २ वाजता ते मागे येऊन पुन्हा १ वाजतो. २०२६ मध्ये या तारखा २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर आहेत; २०२७ मध्ये २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर. हाताने फिरवायची घड्याळं शनिवारी झोपण्यापूर्वी फिरवून ठेवली की झालं.

एक गैरसमज इथेच दूर करू. हिवाळ्यातली वेळ ‘बदललेली’ नसते. ती ग्रीनिचची मूळ वेळ, जीएमटी. बदललेली असते ती उन्हाळ्यातली, म्हणजे ब्रिटिश समर टाइम किंवा बीएसटी. ऑक्टोबरमध्ये आपण फक्त मूळ जागी परततो.

२. आता भारताशी फरक किती धरायचा? दर वेळी गोंधळ होतो.

भारताचं घड्याळ जागचं हलत नाही, हे लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ मिटतो. ब्रिटन उन्हाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा, कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. सिडनी भारताच्या पुढे असतं आणि तिथले ऋतू उलटे, म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच तास पुढे आणि उरलेल्या काळात साडेचार.

घरच्यांसाठी याचा अर्थ असा: लंडनहून दुपारी साडेचारला येणारा फोन उन्हाळ्यात भारतात रात्री नऊला वाजतो, तोच ऑक्टोबरअखेरपासून रात्री दहाला. म्हाताऱ्या माणसांना तासभर जागं ठेवण्यापेक्षा हिवाळ्यात फोन साडेतीनला करावा.

खरी फसगत मधल्या आठवड्यांत होते. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. त्यामुळे २०२६ मध्ये ८ ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाचऐवजी चारच तासांचा फरक राहतो. कॅलेंडरमधली दर आठवड्याची मीटिंग ज्या शहराच्या वेळेला बांधलेली असते त्या शहराच्या घड्याळाने चालते. बंगळूरच्या माणसाने लावलेली मीटिंग भारतात जागच्या जागी राहते आणि लंडनवाल्यांची तासभर सरकते. या आठवड्यांत मीटिंग कोणत्या शहराच्या वेळेला बांधली आहे ते उघडून पाहा.

३. हे शेतकऱ्यांसाठी सुरू झालं, असं ऐकलंय. खरं आहे का?

नाही, उलट शेतकऱ्यांचा विरोध होता. गाय घड्याळ बघून दूध देत नाही आणि दव सुकल्याशिवाय गवत कापता येत नाही; मजूर मात्र घड्याळाप्रमाणे निघून जातात.

न्यूझीलंडचे जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये दोन तासांच्या बदलाची कल्पना मांडली. कामावरून सुटल्यावर त्यांना कीटक गोळा करायला उजेड हवा होता. ब्रिटनमध्ये विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाने १९०७ मध्ये प्रचार सुरू केला. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं, म्हणजे एकूण ८० मिनिटं घड्याळ पुढे न्यावं, अशी त्यांची सूचना होती. संसदेने दाद दिली नाही आणि विलेट १९१५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने युद्धात कोळसा वाचवण्यासाठी घड्याळं पुढे केली. मग ब्रिटननेही २१ मे १९१६ ला तेच केलं.

४. मग भारतात का करत नाहीत?

फायदा होण्याइतका फरकच नाही. मुंबईत सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस यांत सव्वादोन तासांच्या आसपास अंतर असतं. लंडनमध्ये हेच अंतर पावणेनऊ तासांच्या घरात जातं: जूनमध्ये सुमारे १६ तास ३८ मिनिटांचा दिवस, डिसेंबरमध्ये ७ तास ५० मिनिटांचा.

दुसऱ्या महायुद्धात मात्र भारताचं घड्याळही तासभर पुढे होतं. त्याचा त्रास आजही पत्रिका करताना होतो (प्रश्न १३). आसामच्या चहामळ्यांत ‘बागान टाइम’ म्हणून तासभर पुढची वेळ पाळतात, पण ती वर्षभर असते. तो पूर्व-पश्चिम अंतराचा प्रश्न आहे, ऋतूंचा नाही.

५. चार वाजताच रात्र होते! घड्याळ मागे केलं नसतं तर एवढा अंधार झाला असता का?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच आणि त्यामागची चिडचिड खरी आहे. शनिवारी, २४ ऑक्टोबर २०२६ ला, लंडनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळेल आणि रविवारी पावणेपाचच्या. एका रात्रीत संध्याकाळ हातातून निसटते. मुलं शाळेतून येऊन खाऊन होईपर्यंत बाग काळोखात बुडालेली असते.

पण या अंधाराचे दोन भाग वेगळे करून बघायला हवेत. एक तास घड्याळाने नेलेला आहे. उरलेला सगळा ५१ अंशांच्या वरच्या अक्षांशाने नेला आहे आणि तो कोणताही कायदा परत आणू शकत नाही. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यावर सूर्यास्त ३:५१ च्या आसपास होतो. बीएसटी वर्षभर ठेवली तर तो ४:५१ ला होईल. कार्यालयातून साडेपाचला बाहेर पडणाऱ्याला तेव्हाही अंधारच. आणि सकाळी? नव्या वर्षाच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य ८:०६ ला उगवतो, तो ९:०६ ला उगवेल. ग्लासगोमध्ये पावणेदहाच्या पुढे आणि शेटलंडमधल्या लरविकला दहा वाजून गेल्यावर. शाळेत पहिला तास काळोखात भरेल.

धीर देणारी एक गोष्ट: लंडनमध्ये सर्वांत लवकर सूर्यास्त २१ डिसेंबरला होत नाही, १२-१३ डिसेंबरलाच होऊन जातो. २१ तारखेला दिवस सर्वांत छोटा असतो खरा, पण तोपर्यंत संध्याकाळ लांबायला लागलेली असते. सकाळी मात्र जानेवारी उजाडेपर्यंत उशीरच होत राहतो. जानेवारीअखेर सूर्यास्त पावणेपाचला येतो, फेब्रुवारीअखेर साडेपाचच्या पुढे.

६. वर्षभर उन्हाळी वेळ ठेवून कधी पाहिलंय का कोणी?

ब्रिटननेच पाहिलंय. फेब्रुवारी १९६८ मध्ये घड्याळ पुढे केलं आणि ३१ ऑक्टोबर १९७१ पर्यंत मागे आणलंच नाही. स्कॉटलंड, बांधकाम मजूर, दूधवाले आणि टपालवाले यांची ओरड झाली. डिसेंबर १९७० मध्ये संसदेच्या कॉमन्स सभागृहाने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग गुंडाळला. त्या काळात सकाळचे अपघात वाढले, संध्याकाळचे त्याहून जास्त घटले. पण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची श्वास-चाचणी १९६७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. त्यामुळे घटीचं श्रेय किती घड्याळाचं आणि किती चाचणीचं, हा वाद कायम आहे.

अमेरिकेने तेलटंचाईत ६ जानेवारी १९७४ पासून तेच केलं. मुलं काळोखात शाळेच्या बसची वाट बघताना अपघात झाले, लोकांचं मत फिरलं आणि त्याच ऑक्टोबरात घड्याळ मागे आलं. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली, २०१४ मध्ये ती सोडून कायमची हिवाळी घेतली. कायमची उन्हाळी वेळ कागदावर लोकांना आवडते. पहिल्या जानेवारीत नकोशी होते.

७. लोकांची मतं नक्की काय आहेत? आणि तुमचं?

बदल नको, यावर बऱ्याच जणांचं एकमत होतं. कुठल्या वेळेवर थांबायचं, हे विचारलं की फाटे फुटतात.

दुकानदार, पर्यटन व्यवसाय आणि खेळाचे क्लब यांना उजेडाची संध्याकाळ हवी. अपघात टाळण्यासाठी काम करणारी रॉस्पा ही संस्थाही संध्याकाळच्या उजेडाच्या बाजूने आहे, कारण संध्याकाळी रस्त्यावर मुलं जास्त असतात आणि चालक थकलेले असतात. स्कॉटलंडमध्ये आणि पहाटे कामाला लागणाऱ्यांत सकाळच्या उजेडाचा आग्रह दिसतो. सूर्योदयाशी बांधलेली सकाळची प्रार्थना करून कामाला जाणाऱ्या ज्यूंनाही उशिराचा सूर्योदय अडचणीचा ठरतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन आणि ब्रिटिश स्लीप सोसायटी या झोपेच्या अभ्यासकांच्या संस्था कायमच्या मूळ वेळेच्या, म्हणजे हिवाळी वेळेच्या, बाजूने आहेत. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने जुळतं, हे त्यांचं कारण.

आमचं मत त्यांच्याजवळचं आहे: थांबायचंच तर जीएमटीवर थांबावं. त्याची किंमतही सांगायला हवी. जूनमध्ये लंडनला पहाटे ३:४३ ला सूर्य उगवेल आणि संध्याकाळी ८:२१ ला मावळेल. आज ज्या साडेनऊच्या उजेडात लोक अंगणात जेवतात तो तास जाईल. ज्याला तो तास प्यारा आहे त्याने आजची पद्धत राहू दे म्हणावं, तेही समजण्यासारखं आहे. डिसेंबरमध्ये नऊचा सूर्योदय मात्र मुलांवर लादू नये.

८. युरोपने हे रद्द केलं ना?

नाही. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने मतं मागवली. ४६ लाख उत्तरं आली आणि त्यांतल्या ८४ टक्क्यांना बदल नको होता. पण तीस लाखांवर उत्तरं एकट्या जर्मनीतली होती. २६ मार्च २०१९ ला युरोपीय संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी २०२१ पासून बदल थांबवायला मंजुरी दिली, पुढे सदस्य देशांचं एकमत झालं नाही. कायमची उन्हाळी वेळ घेतली तर स्पेनच्या विगोमध्ये डिसेंबरात दहाला उजाडेल. कायमची हिवाळी घेतली तर वॉर्साला जूनमध्ये सव्वातीनला. आयर्लंडची अडचण आणखी नाजूक: युरोपने थांबवलं आणि ब्रिटनने नाही, तर एकाच बेटावर आयर्लंडचं घड्याळ वेगळं आणि ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडचं वेगळं.

अमेरिकेतही सेनेटने मार्च २०२२ मध्ये कायमच्या उन्हाळी वेळेचं विधेयक मंजूर केलं, पण प्रतिनिधिगृहात ते मताला आलं नाही. मेक्सिकोने मात्र २०२२ मध्ये जवळजवळ सगळ्या देशात बदल बंद केला.

९. लहान मुलांची झोप पार बिघडते. काय करावं?

चार दिवस आधी सुरुवात करा. मार्चमध्ये जेवण, आंघोळ आणि झोप रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणा. ऑक्टोबरमध्ये पंधरा मिनिटं पलीकडे ढकला. फक्त झोपायची वेळ सरकवून चालत नाही. भूक जुन्याच वेळेला लागली तर मूल जुन्याच वेळेला उठतं. मार्चमध्ये उठल्याबरोबर पडदे उघडा आणि मुलाला अर्धा तास बाहेर न्या. ऑक्टोबरमध्ये पाचला जागं झालेल्या मुलाला लगेच दिवा लावून दूध देऊ नका, नाहीतर पाच हीच त्याची सकाळ होऊन बसते. खोलीला जाड, उजेड अडवणारे पडदे लावा.

मोठ्यांनाही मार्चचाच बदल जड जातो. माणसाचं आतलं घड्याळ सरासरीने २४ तासांहून थोडं लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं पण लवकर झोपणं जमत नाही. त्या सोमवारी सकाळी लांबचा गाडीप्रवास ठेवू नका.

१०. नोव्हेंबरपासून मन उदास होतं, काही करावंसं वाटत नाही. हा आळस की आजार?

दर हिवाळ्यात मन खालावणं, झोप आणि भात-पोळी-गोड यांची ओढ वाढणं, वसंतात आपोआप बरं वाटणं, असं असेल तर तो ऋतूशी जोडलेल्या नैराश्याचा प्रकार असू शकतो. त्याला आळस म्हणू नका. कामावर किंवा घरच्यांवर परिणाम होत असेल तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी मदत मागा.

सौम्य त्रासात सर्वांत कामाचा उपाय म्हणजे दिवसाचा उजेड. ढगाळ दुपारीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. दुपारच्या सुट्टीत डबा आत खा, पण उरलेली वीस-तीस मिनिटं बाहेर चाला. उजेडाची पेटी, म्हणजे या त्रासासाठी मिळणारा प्रखर दिवा, घेणार असाल तर १०,००० लक्सची (लक्स हे उजेडाचं माप) घ्या. सकाळी २० ते ३० मिनिटं, निर्मात्याने दिलेल्या अंतरावर, समोर थोडी बाजूला ठेवून वापरा. तिच्याकडे टक लावून बघायचं नसतं. संध्याकाळी वापरली तर झोप उडते. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्हिटॅमिन डी हा वेगळा विषय, पण आपल्यासाठी महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या उन्हातून त्वचेला ते पुरेसं बनवता येत नाही. सर्वांनी या काळात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करावा, असा सरकारी सल्ला आहे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांना तो वर्षभरासाठी आहे.

११. घरातली कुठली घड्याळं हाताने बदलावी लागतात?

फोन आणि संगणक आपोआप बदलतात. रेडिओ-नियंत्रित भिंतीवरची घड्याळंही, कारण ती कंब्रियातल्या अँथॉर्नहून येणारा ६० किलोहर्ट्झचा सिग्नल धरतात. जर्मनीहून आणलेलं घड्याळ फ्रँकफर्टजवळचा ७७.५ किलोहर्ट्झचा सिग्नल धरतं आणि लंडनमध्ये तासभर पुढे दिसतं. त्यात देश निवडायची सोय नसेल तर उपाय नाही.

ओव्हन, मायक्रोवेव्ह, जुन्या गाड्या आणि बॉयलरचा टायमर हाताने बदला. टायमर विसरला तर नोव्हेंबरभर घर तुम्ही उठण्याच्या तासभर आधी तापतं आणि बिल वाढतं. ‘इकॉनॉमी ७’ वीजदर (रात्रीचे सात तास स्वस्त वीज) असेल तर मीटर बघा: अनेक जुने मीटर वर्षभर जीएमटीवरच चालतात, म्हणून स्वस्त तास उन्हाळ्यात तुमच्या घड्याळाने तासभर उशिरा सुरू होतात.

ठोके देणारं जुनं लंबकाचं घड्याळ काटे उलटे फिरवून मागे करू नका, ठोक्यांची यंत्रणा बिघडते. लंबक तासभर थांबवा आणि मग चालू करा.

१२. संकष्टीला चंद्रोदय भारतातल्या कॅलेंडरवरून साडेपाच तास वजा करून धरला तर चालेल?

नाही. ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे.

तिथी सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण जगभर एकच असतो. तो उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास वजा करून काढता येतो. सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदय मात्र तुमच्या गावाचे लागतात. मुंबईत नऊला चंद्र उगवला म्हणून लंडनमध्ये दुपारी साडेतीनला उगवत नाही. कधीकधी चंद्रोदयाला असलेली तिथी बदलून संकष्टीचा दिवसच वेगळा निघतो.

लक्ष्मीपूजनाचंही तसंच. ८ नोव्हेंबर २०२६ ला लंडनमध्ये सूर्यास्त सुमारे ४:२० ला आहे, म्हणजे प्रदोषकाळ तिथूनच सुरू. भारतातल्यासारखं सात वाजेपर्यंत थांबलात तर मुहूर्त हातचा जाऊ शकतो.

परदेशासाठी बनवलेलं पंचांग वापरताना जूनमधल्या एका दिवसाचा सूर्योदय हवामानाच्या ॲपशी ताडून बघा. बरोबर एक तास कमी दिसला तर ते वर्षभर जीएमटीत छापलंय. उन्हाळी महिन्यांत एक तास मिळवा.

१३. मुलाची पत्रिका करायची आहे. जन्मवेळ कुठली सांगायची?

इस्पितळाने लिहिलेली स्थानिक वेळ जशीच्या तशी सांगा, सोबत तारीख, गाव आणि ‘बीएसटी’ की ‘जीएमटी’ हेही. गडबड होते ती दोनदा वजा केल्याने: घरचे एक तास कमी करून पाठवतात आणि गुरुजींचं सॉफ्टवेअर पुन्हा एक तास कमी करतं. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे तासाभराच्या चुकीने कुंडलीच वेगळी येऊ शकते.

जुन्या जन्मांसाठी तीन गोष्टी तपासा. ब्रिटनमध्ये १९६८ ते १९७१ या प्रयोगात हिवाळ्यातली वेळही जीएमटीच्या एक तास पुढे होती (प्रश्न ६). दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ च्या उन्हाळ्यांत, बहुतेक काळ ती दोन तास पुढे होती. आणि भारतात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळ तासभर पुढे होतं. त्यातच मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती. आजी-आजोबांच्या टिपणात नुसतं ‘सकाळी ७:१०’ असेल तर ती कोणती वेळ, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा.

१४. घड्याळ मागे जाण्याच्या रात्री जुळी झाली तर मोठं कोण?

आधी जन्मलेलं, कागद काहीही म्हणो. पहिलं १:५५ ला बीएसटीत जन्मलं आणि दुसरं पंचवीस मिनिटांनी, तर दुसऱ्याची वेळ १:२० जीएमटी होते. इंग्लंड-वेल्समध्ये जन्मदाखल्यावर वेळ मुख्यतः जुळ्या-तिळ्यांचीच लिहितात, म्हणून नोंद करताना क्रम आणि बीएसटी-जीएमटी स्पष्ट लिहून घ्या. पत्रिकेसाठी प्रश्न १३ पाहा.

१५. घड्याळ बदलतं त्या रात्री रात्रपाळी आहे. पगार किती तासांचा? औषधांच्या वेळांचं काय?

रात्री ८ ते सकाळी ८ ची पाळी ऑक्टोबरात १३ तासांची होते, मार्चमध्ये ११ तासांची. जास्तीच्या तासाचे वेगळे पैसे मिळतील का, हे करारावर ठरतं. किमान वेतन मात्र प्रत्यक्ष कामाच्या तासांवर मोजलं जातं, म्हणून किमान दराजवळ पगार असेल तर हिशोब तपासा. ऑक्टोबरात वॉर्डवर नोंदी करताना १:३० दोनदा येतो. प्रत्येक नोंदीपुढे बीएसटी की जीएमटी लिहिलं नाही, तर औषध दोनदा दिलं की एकदाच, हे सकाळी कळत नाही.

घरी दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना तासाचा फरक चालतो. ठरावीक तासांनीच घ्यायचं औषध असेल तर फार्मासिस्टला आधी विचारा आणि जास्तीच्या तासासाठी जादा मात्रा कधीच घेऊ नका. इन्सुलिन पंपाचं घड्याळ बहुधा हाताने बदलावं लागतं. ते करताना सकाळ-संध्याकाळ उलटी पडली तर रात्रीचा इन्सुलिन-दर दिवसा चालू होतो. बदलल्यावर कोणाकडून तरी एकदा तपासून घ्या.

१६. २९ मार्च २०२६ ला रात्री १:३० चा गजर लावला तर वाजेल का?

त्या रात्री १:३० येतच नाही. काही फोन २:३० ला वाजवतात, काही आधी, काही गप्प राहतात. पहाटेच्या विमानासाठी गजर लावायचा असेल तर २ नंतरची वेळ द्या, किंवा ठरावीक तासांनी वाजणारा टायमर लावा. तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते, तिच्यात काही मिळवायचं-वजा करायचं नाही. संगणकावर रात्रीची कामं लावणाऱ्यांनी ती यूटीसी (ऋतूनुसार न बदलणारी जागतिक प्रमाणवेळ) वेळेत लावावीत; १ ते २ च्या मध्ये ठेवलेलं काम मार्चमध्ये होत नाही आणि ऑक्टोबरात दोनदा होऊ शकतं.